घरचा कॉम्प्युटर : ‘सेव्ह तर केलं होतं, मग गेलं कुठे?’

नौपाड्यात बावीस वर्षं मी टायपिंगचे आणि कॉम्प्युटरचे वर्ग घेतले. त्या वर्षांत सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे, ‘बाई, सेव्ह तर केलं होतं, मग गेलं कुठे?’ या महिन्याच्या टपालातही तेच आहे. पहिल्या पत्राला या वेळी निम्म्याहून जास्त जागा देते आहे. का, ते पत्र वाचल्यावर कळेल.

प्रश्न : मी ७४ वर्षांचा, बँकेतून निवृत्त, चरईत राहतो. माझी आई जात्यावर ओव्या म्हणायची. थोरल्या बहिणीने त्या एका वहीत उतरवून घेतल्या होत्या. गेली दोन वर्षं मी रोज सकाळी चहानंतर त्या टाइप करत होतो. ३४० झाल्या होत्या. डेस्कटॉपवर ‘आईच्या ओव्या’ नावाचा फोल्डर होता, त्यात ती फाइल. उठताना प्रत्येक वेळी कंट्रोल आणि एस दाबायचो. दिवाळीत नातू आला होता. ‘आजोबा, जागा संपल्याचा मेसेज येतोय’ म्हणाला आणि त्याने मोबाइलवरूनच काही जुनं सामान काढलं, कॉम्प्युटरचा रिसायकल बिनही रिकामा केला. नंतर बघतो तर फोल्डरच नाही. माझ्या डी ड्राइव्हमध्ये ९३१ जीबी जागा नुसती पडून आहे, मग जागा संपली कशी? नातवाला मी अजून काही बोललो नाही. वहीची पानं आता हात लावला की तुटतात.
— एक वाचक, चरई, ठाणे

उत्तर : काका, तुमचं पत्र वाचल्यावर उत्तर छापून येईपर्यंत थांबणं मला शक्य नव्हतं. अशा बाबतीत दिवस मोजावे लागतात. म्हणून संपादकांकडून तुमचा नंबर घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घंटाळीहून चालत तुमच्याकडे आले. ओव्या सापडल्या हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्या कुठे होत्या आणि तिथे कशा पोहोचल्या हे मात्र सगळ्या वाचकांसाठी लिहिते, कारण अशीच रचना आणखी कितीतरी घरांतल्या कॉम्प्युटरवर आत्ता असेल.

आपण आधी हरवलेला फोल्डर शोधलाच नाही, आठवतं? डेस्कटॉपवर उरलेली एक फाइल घेतली, विजेच्या बिलाची. तिच्यावर राइट क्लिक, मग प्रॉपर्टीज, आणि उघडलेल्या चौकटीत ‘लोकेशन’ नावाची ओळ. ती मी तुम्हाला मोठ्याने वाचायला सांगितली. तुम्ही कपाळावरचा चष्मा खाली घेतलात आणि एकेक शब्द वाचत गेलात : सी, यूजर्स, तुमचं नाव, वनड्राइव्ह, डेस्कटॉप. वाचून झाल्यावर तुम्ही पुन्हा मागे गेलात आणि ‘वनड्राइव्ह’वर बोट ठेवलंत. ‘हे मधे कुठून आलं?’

सगळ्याचं उत्तर त्या एका शब्दात होतं. टपालाचा पत्ता आपण घरापासून लिहितो, म्हणजे खोली, मजला, इमारत, गल्ली आणि शेवटी ठाणे. कॉम्प्युटरचा पत्ता उलटा असतो, गावाकडून घराकडे येणारा. सी हे गाव, यूजर्स ही पेठ, तुमचं नाव ही इमारत. त्या इमारतीत डेस्कटॉपची खोली थेट असायला हवी होती. तुमच्याकडे ती वनड्राइव्ह नावाच्या दालनाच्या आत गेलेली होती. डेस्कटॉप म्हणजे समोरचा पडदा असं आपण धरून चालतो, पण तोही डिस्कवरचा एक साधा फोल्डरच आहे, आणि फोल्डरची जागा बदलता येते.

ती बदलली कधी? विंडोजचा नवा कॉम्प्युटर पहिल्यांदा सुरू करताना ईमेल आयडी टाकून पुढे जात गेलं, की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स या तीन फोल्डरांचा वनड्राइव्हवर बॅकअप चालू होऊ शकतो. वनड्राइव्ह ही मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवरची साठवण, तिथे ५ जीबी जागा फुकट मिळते. बॅकअप चालू झाला की हे तिन्ही फोल्डर वनड्राइव्हच्या फोल्डरात जातात आणि त्यांची एक प्रत इंटरनेटवर तयार होते. पडद्यावर काहीच बदललेलं दिसत नाही, म्हणून आपल्याला पत्ताच लागत नाही.

आता नीट लक्ष द्या, कारण घोळ इथेच झाला. या व्यवस्थेला बॅकअप म्हटलं जातं, पण घरातली प्रत आणि इंटरनेटवरची प्रत एकाच दोऱ्याने बांधलेल्या असतात. इथे एक ओवी वाढवली की तिथे वाढते. तिथला फोल्डर काढला की इथलाही जातो. तुमच्या नातवाने मोबाइलवर वनड्राइव्ह उघडलं, ५ जीबी भरल्याचा निरोप वाचला आणि जुने दिसले ते फोल्डर काढले. त्याला वाटलं, वरची प्रत जादा आहे, आजोबांच्या टेबलावरची राहीलच. मोठ्या जाणत्या माणसांचाही हाच समज असतो. त्यामुळे त्याला मुळीच रागावू नका. त्याने तुमचं काम हलकं करायला हात लावला होता. त्याला हे सांगा मात्र जरूर, कारण तो उद्या स्वतःच्या कॉलेजच्या कामाचंही असंच करेल.

आणि जागा संपली होती ती त्या ५ जीबीची. तुमच्या डी ड्राइव्हचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. सी ड्राइव्हमध्येही भरपूर जागा होती. ओव्यांची फाइल तर ७० केबीसुद्धा नव्हती. जागा खाल्ली होती डेस्कटॉपवर आणून ठेवलेल्या लग्नाच्या तीन व्हिडिओंनी.

फोल्डर परत कुठून आणला? कॉम्प्युटरचा रिसायकल बिन रिकामा झाला होता, पण वनड्राइव्हचा स्वतःचा वेगळा बिन असतो. ब्राउझरमध्ये वनड्राइव्हची वेबसाइट उघडून तुमच्या ईमेल आयडीने आत गेलं की डावीकडे ‘रिसायकल बिन’ दिसतो. घरगुती खात्यात तिथल्या गोष्टी ३० दिवस राहतात, बिन फारच भरला तर त्याहून लवकर जातात. तुमचा १९वा दिवस होता. ‘आईच्या ओव्या’ समोर खूण केली, ‘रिस्टोअर’ म्हटलं आणि फोल्डर आपल्या मूळ जागी येऊन बसला. काकूंनी तेवढ्यात कपाटातून वही आणली, जुन्या ओढणीत गुंडाळलेली. शेवटचं पान उघडून त्यांनी निळ्या शाईतली ३४०वी ओवी वाचायला घेतली आणि तुम्ही पडद्यावरची वाचत होतात. पहिल्या दोन चरणांनंतर तुम्ही दोघंही थांबलात. मला तेवढं पुरेसं होतं.

पुढची व्यवस्था आपण केली ती अशी. हे करताना क्रम महत्त्वाचा आहे, तो चुकवू नका.

आधी ओव्यांचा फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतला. फोल्डरांची हलवाहलव करण्याआधी लाखमोलाच्या गोष्टीची वेगळी प्रत बाहेर काढायची, हा माझा नियम आहे आणि त्याला मी कधीच अपवाद करत नाही. मग खाली उजव्या कोपऱ्यात घड्याळाजवळ ढगाचं चित्र असतं, त्यावरून वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये गेलो आणि ‘मॅनेज बॅकअप’मध्ये तिन्ही फोल्डरांचा बॅकअप थांबवला. हे केल्यावर बऱ्याचदा डेस्कटॉप एकदम रिकामा दिसतो आणि माणूस हादरतो. फाइली पुसल्या गेलेल्या नसतात. त्या वनड्राइव्हच्या फोल्डरात तशाच असतात, तिथून उचलून आणायच्या. फाइलीवर निळसर ढगाची खूण असेल तर ती फाइल कॉम्प्युटरवर उतरलेलीच नाही, फक्त इंटरनेटवर आहे. तिच्यावर राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडायचं, हिरवी खूण येईपर्यंत थांबायचं आणि मगच ती हलवायची.

त्यानंतर डी ड्राइव्हमध्ये ‘घर’ नावाचा फोल्डर केला आणि त्याच्या आत कागदपत्रं, फोटो, डाउनलोड असे तीन वेगळे. डाव्या बाजूच्या ‘डॉक्युमेंट्स’वर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ‘लोकेशन’ची पट्टी, ‘मूव्ह’, आणि डीमधला कागदपत्रांचा फोल्डर दाखवला. जुन्या फाइलीही तिकडे हलवू का, असं विंडोज विचारतं, त्याला हो म्हटलं. पिक्चर्स आणि डाउनलोड्सचं तसंच.

इथे दोन चुका लोक हमखास करतात आणि त्या निस्तरताना मला घाम फुटलेला आहे. पहिली, आत फोल्डर न करता थेट डी ड्राइव्हच दाखवणं. मग विंडोज अख्ख्या डी ड्राइव्हलाच ‘डॉक्युमेंट्स’ समजायला लागतं. दुसरी, दोन फोल्डरांना एकच जागा दाखवणं. डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स एकमेकांत मिसळले की ते पुन्हा वेगळे करणं म्हणजे तांदळात सांडलेले साबुदाणे वेचणं. दरेकाला आपापली खोली द्या. विंडोजचा आणि प्रोग्राम्सचा फोल्डर मात्र सी ड्राइव्हमध्ये आहे तिथेच राहू द्यायचा, त्याला हात लावायचा नाही.

वर्डलाही वेगळं सांगावं लागतं, कारण फाइल कुठे ठेवायची हे प्रत्येक प्रोग्राम आपापलं ठरवून बसलेला असतो. वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, सेव्ह, तिथे ‘सेव्ह टू कॉम्प्युटर बाय डिफॉल्ट’ला टिक करा आणि खालच्या ओळीत डीमधल्या फोल्डराचा पत्ता द्या. आणि नव्या फाइलीसाठी एक सवय मी सगळ्यांनाच लावते. कंट्रोल-एस न दाबता एफ-१२ दाबायचं. काही लॅपटॉपवर एफएन धरून दाबावं लागतं. त्याने ‘सेव्ह ॲज’ची जुनी, मोठी चौकट उघडते. वरच्या पट्टीत पत्ता असतो, खाली नाव. नाव टाइप करण्याआधी वरची पट्टी वाचायची. दोन सेकंद लागतात.

काका, आता तुमचं काम वनड्राइव्हवर जात नाही, म्हणजे दुसरी प्रत ठेवायची जबाबदारी तुमच्यावर आली. ती डीमध्ये आहे म्हणून निश्चिंत राहू नका. मी हे इतकं बजावून का सांगते, ते लिहिते. २६ जुलै २००५ला माझा वर्ग तळमजल्यावर होता. त्या दिवसाचं पाणी ज्यांनी पाहिलं त्यांना वर्णन करायला नको. सगळे सीपीयू जमिनीवर ठेवलेले होते. माझे सासरे २००३मध्ये गेले, त्याआधी त्यांनी सांगितलेल्या आठवणी मी टाइप करून ठेवल्या होत्या, चाळीस पानं. त्यांची दुसरी प्रत मी एका जुन्या हार्ड डिस्कवर नीट काढलेली होती आणि ती डिस्क त्याच टेबलाच्या खालच्या खणात होती. दोन्ही प्रती एका संध्याकाळी एकाच पाण्यात गेल्या. सांगणारा माणूस राहिलेला नव्हता, त्यामुळे ती चाळीस पानं पुन्हा लिहिता आली नाहीत.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ असा एक नियम आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर. तुमच्यासाठी त्याचा अर्थ असा : एक प्रत कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि एक पेन ड्राइव्ह लेकीकडे. ती मुलुंडला राहते म्हणालात, उत्तमच. महिन्यातून एकदा ती आली की पेन ड्राइव्ह बदलून द्यायचा. हार्ड डिस्क काम झालं की काढून कपाटात ठेवा, सतत लावून ठेवू नका. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात ती हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुडीबरोबर ठेवली तर अधिक बरं. आणि वहीच्या पानांचे आत्ताच, न उलटता येणारी पानं तशीच ठेवून, खिडकीच्या उजेडात मोबाइलने फोटो काढा. बहिणीचं अक्षर टाइप करून उतरत नाही.

प्रश्न : नेरुळमधल्या आमच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी आहे. सभेचं इतिवृत्त, नोटिसा, ऑडिटची पत्रं सगळं माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर आहे. ‘मिनिट्स फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरं’ अशा इतक्या फाइली झाल्या आहेत की वार्षिक सभेत मी चुकीचा मसुदा वाचला. नावं कशी द्यावीत?
— एक सेक्रेटरी, नेरुळ

उत्तर : ‘फायनल’ हा शब्द फाइलीच्या नावातून आजपासून काढून टाका. तारीख लिहा आणि ती उलटी लिहा, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. ‘२०२५-०९-१४ वार्षिक सभा इतिवृत्त’ असं नाव दिलंत, की नावाप्रमाणे लावल्यावर फाइली आपोआप काळाच्या क्रमाने उभ्या राहतात. दिवस आधी लिहिलात तर सगळ्या महिन्यांच्या १ तारखा एकत्र येतात आणि क्रम विस्कटतो. महिना नेहमी दोन आकडी, ९ नव्हे ०९. विंडोज एक आकडी महिनाही सांभाळून घेतं, पण हीच फाइल दुसरीकडे चढवली की तिथे १० आणि ११ हे ९च्या आधी येऊन बसू शकतात.

तारखेत तिरकी रेघ चालत नाही, कारण ती फोल्डरांच्या पत्त्यात वापरली जाते. उलटी तिरकी रेघ, विसर्गासारखे दोन टिंब, चांदणी, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरण, लहान-मोठेपणाच्या खुणा आणि उभी रेघ, हीसुद्धा विंडोजमध्ये नावात घेता येत नाहीत. साधी आडवी रेघ वापरा. मराठीत नाव द्यायला काही हरकत नाही, बिनधास्त द्या.

फोल्डर आर्थिक वर्षाप्रमाणे करा, कारण सोसायटीचं सगळं कामकाज त्याच मापाने चालतं. वर्ष ३१ मार्चला संपतं आणि वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. ‘२०२४-२५’च्या फोल्डरात सभा, हिशेब, पत्रव्यवहार. मसुदा चालू असेपर्यंत वर्डची एकच फाइल ठेवा आणि प्रत्येक बदलानंतर तिच्या नावातली तारीख बदलत चला. जुना मसुदा ठेवायचाच असेल तर आत ‘जुने’ नावाचा फोल्डर करून तिकडे टाका, समोर ठेवू नका. समितीने मान्य केला की त्याची पीडीएफ करा. सभेत वाचायची ती पीडीएफ, वर्डची फाइल उघडायचीच नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण मला ती जास्त महत्त्वाची वाटते. सोसायटीचं दप्तर हे सोसायटीचं असतं. ते तुमच्या मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टशेजारी ‘डॉक्युमेंट्स’मध्ये पसरलेलं नको. डी ड्राइव्हमध्ये सोसायटीच्या नावाचा एकच फोल्डर करा, एकूण एक कागद त्यातच. उद्या नवी समिती आली की तो फोल्डर जसाच्या तसा पेन ड्राइव्हवर देता येईल. जुन्या सेक्रेटरींकडे कागद अडकल्याने नवी समिती वर्षभर चाचपडताना मी आमच्याच इमारतीत पाहिलं आहे. भांडण नव्हतं, त्यांना स्वतःलाच सापडत नव्हते.

प्रश्न : मुलीच्या कॉलेजकडून ईमेलवर वर्डमध्ये अर्ज आला होता. तिने तो तिथूनच उघडला, तासभर बसून भरला, सेव्ह केला आणि बंद केला. पुन्हा मेल उघडली तर अर्ज कोरा.
— एक आई, कळवा

उत्तर : मेलमधली फाइल थेट उघडली की तिची एक तात्पुरती प्रत कुठल्यातरी आतल्या फोल्डरात उतरते आणि मुलीने ती प्रत भरली. मेलमधला मूळ अर्ज जसा होता तसाच राहणार. आधी वर्ड उघडा आणि फाइल, ओपन, ‘रिसेंट’ बघा. अर्जाचं नाव तिथे असेल तर उघडा आणि लगेच एफ-१२ दाबून नीट जागी ठेवा. तिथे नसेल तर डाउनलोड्समध्ये तारखेप्रमाणे लावून बघा, एकाच नावापुढे कंसात १, २, ३ असे आकडे लागलेल्या प्रती असतील, त्यांतली एखादी भरलेली निघेल. तरीही नाही मिळाली तर वर्डमध्येच फाइल, इन्फो, ‘मॅनेज डॉक्युमेंट’खाली ‘रिकव्हर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट्स’ पाहा. हे सगळं आजच करा, तात्पुरत्या जागा साफ होत असतात.

यापुढे अर्ज आधी डाउनलोड करायचा, मग उघडायचा. क्रोममध्ये सेटिंग्ज, डाउनलोड्स, तिथे ‘फाइल कुठे ठेवू हे दर वेळी विचार’ या अर्थाचं एक बटण आहे, ते चालू करा. दर वेळी चौकट उघडते म्हणून मुलं कंटाळतात. कंटाळू द्या, पण बटण चालू ठेवा.

प्रश्न : सी ड्राइव्ह भरत आला, त्याची पट्टी लाल झाली, म्हणून मोबाइलमधून घेतलेले सगळे फोटो ओढून डीमध्ये टाकले. तरी सी लालच. आणि आता दोन्हीकडे फोटो आहेत, म्हणजे बॅकअपही झाला असं समजू का?
— एक वाचक, वाशी

उत्तर : फोल्डर माउसने ओढून त्याच ड्राइव्हमध्ये दुसरीकडे टाकला तर तो हलतो. दुसऱ्या ड्राइव्हमध्ये टाकला तर त्याची नक्कल होते आणि मूळ तिथेच राहतो. तुमचं हेच झालं. हलवायचंच असेल तर शिफ्ट धरून ओढा, किंवा कट आणि पेस्ट करा. मी मात्र फोटोंच्या बाबतीत नक्कलच करते. दोन्हीकडे फाइलींची संख्या आणि आकार प्रॉपर्टीजमध्ये जुळवून बघते, मधले चार फोटो उघडून पाहते, आणि मग सीमधले काढते. ओढताना फोल्डर चुकून भलतीकडे पडला, तर घाबरून शोधत बसू नका, तिथल्या तिथे कंट्रोल आणि झेड दाबा. तो परत येतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे, बहुतेक करून. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात ‘परफॉर्मन्स’मध्ये जा. तिथे ‘डिस्क ०’पुढे सी आणि डी दोन्ही अक्षरं एकत्र दिसली, तर ती एकाच डिस्कची दोन दालनं आहेत, मधे फक्त एक भिंत घातलेली. लॅपटॉपमध्ये बहुधा तसंच असतं. डिस्क गेली की दोन्ही जातात. ‘डिस्क ०’ आणि ‘डिस्क १’ वेगवेगळ्या दिसल्या तर थोडं बरं, पण त्याही एकाच डब्यात, एकाच विजेच्या जोडणीवर आहेत. चरईच्या काकांना लिहिलेला बाहेरच्या डिस्कचा परिच्छेद तुम्हीही वाचा.

मोबाइलमधले फोटो केबलने घेताना अँड्रॉइडवर ‘डीसीआयएम’मधला ‘कॅमेरा’ फोल्डर लोक घेतात, पण व्हॉट्सॲपवर आलेले फोटो त्यात नसतात. ते ‘अँड्रॉइड’, ‘मीडिया’, ‘कॉम डॉट व्हॉट्सॲप’ अशा वाटेने आत असतात. बारशाचे, मुंजीचे फोटो हल्ली बहुतेक तिथूनच आलेले असतात, ते विसरू नका.

प्रश्न : २००६ सालच्या माझ्या कवितांच्या वर्ड फाइली घरच्या कॉम्प्युटरवर आहेत, पण कवितेतला शब्द टाकून शोधलं तर एकही फाइल सापडत नाही. काही फाइलींत तर इंग्रजी अक्षरांचा गिचमिडा दिसतो.
— एक वाचक, घोडबंदर रोड

उत्तर : त्या काळी आपण सगळेच कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप करायचो. त्यात कॉम्प्युटरच्या लेखी अक्षरं इंग्रजीच असतात, फक्त त्यांना मराठीचं रूप चढवलेलं असतं. म्हणून तुम्ही युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या मराठी टायपिंगमध्ये, ‘पाऊस’ टाकून शोधलंत तर त्याला तो शब्द त्या फाइलींत दिसतच नाही. फॉन्ट कॉम्प्युटरवर नसेल तर रूप उतरतं आणि गिचमिडा दिसतो. कविता शाबूत आहेत. फाइल उघडून वर्डच्या फॉन्टच्या चौकटीत कोणतं नाव आहे ते लिहून घ्या, तो फॉन्ट आधी मिळवा आणि लगेच त्या रूपातच पीडीएफ करून ठेवा. मग त्या फॉन्टसाठीचा कन्व्हर्टर वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणा. रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरं इथे हमखास चुका होतात, म्हणून पीडीएफ शेजारी ठेवून प्रत्येक ओळ स्वतः वाचा. मूळ फाइल पुसू नका. तोवर फाइलींची नावं तरी आजच बदला. ‘कविता १२’ऐवजी पहिली ओळच नाव म्हणून द्या, म्हणजे शोधल्यावर नावावरून तरी सापडेल.

पुढच्या अंकासाठी लिहिताना तीन गोष्टी पत्रात जरूर कळवा : विंडोज कोणतं आहे, सी ड्राइव्हमध्ये किती जीबी शिल्लक आहे, आणि हरवलेल्या फाइलीच्या शेजारच्या एखाद्या फाइलीच्या प्रॉपर्टीजमधली ‘लोकेशन’ची ओळ, अक्षर न् अक्षर. फाइल नुकतीच गेली असेल तर पत्राची वाट न बघता संपादकांना फोन करा, ते मला कळवतात.